निकेल न चढलेली जागा

बाबा, काल गल्लीत कुणीतरी जुनी फटफटी चालू केली आणि मी पाखडत असलेलं तांदळाचं सूप हातात घेऊन दारात जाऊन उभी राहिले. या वयात! हसू नका.

माझा साखरपुडा झाला होता. व्याह्यांनी मसुऱ्याहून त्यांची विलायती फटफटी मालवणच्या आपल्या दुरुस्तीच्या कारखान्यात आणून टाकली. खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजलेला, आणि लग्न लागलं की नवरा मला त्याच गाडीवरून घरी नेणार, म्हणून त्यांना त्यावर निकेलचा मुलामा हवा होता. गंज खरवडताना हँडलखाली मानेच्या नळीला तुम्हाला तडा सापडला. ती नळीच बदलायला हवी होती, पण मुंबईहून नवी येईपर्यंत मुहूर्त टळला असता. व्याही म्हणाले, मुलामा चढला की दिसतो कुणाला तडा? तुम्ही पडलात मुलीचे बाप. पुन्हा एकदा सांगून पाहिलंत, मग मान हलवलीत आणि सांगाडा एस.टी.च्या टपावर घालून मुलामा चढवायला कोल्हापूरला गेलात. आई म्हणाली, सुटलो एकदाचे.

परत आलात तेव्हा व्याही आणि तो, दोघेही आपल्या अंगणातल्या खळ्यात बसलेले. मी दाराआड उभी आहे. तुम्ही सुतळी सोडता, गोणपाट बाजूला करता. सांगाडा लख्ख, तोंड दिसेल असा, आणि मानेशी तळहाताएवढी जागा काळीच राहिलेली. तिच्यात तो तडा. मुलाम्याच्या टाकीत सोडण्याआधी तेवढ्या जागेवर तुम्ही मेण फासायला लावलं होतं, मेणावर निकेल धरत नाही. आईने पोह्यांची बशी तिथेच खाली ठेवली.

"हो अपमान कोणाचो केलास तुमी?" व्याही म्हणाले.

तुम्ही सुतळी गुंडाळत होता. "माका तडो लपवूचो नाय. त्या सीटवर माझां चेडू बसतलां."

त्याने वाकून तड्यावरून अंगठा फिरवला. एकदा दाराकडे बघितलं. मग वडिलांच्या मागोमाग निघून गेला. लग्न मोडलं. बापानेच पोरीच्या पायावर धोंडा घातला, असं सगळा बाजार म्हणाला, आणि मी तुम्हाला पावसाळाभर मुक्याने वाढलं. तुम्हीही मुक्यानेच जेवलात.

पुढे कधीतरी तो आपण होऊन नवी नळी घेऊन आला. तोवर त्याचं लग्न झालं होतं, बायको बरोबर होती. तुम्ही नळी बसवलीत, वेल्डिंग तीन-तीनदा ठोकून पाहिलंत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ती मागे बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी गेली. तुम्ही हात धुऊन आत आलात, म्हणालात, "आता भय नाय," आणि चहा मागितलात. मला तुमचा इतका राग आला की चहात साखर घालायची राहिली. तुम्ही तसाच प्यायलात.

माझा संसार चांगला झाला, तो माणूसही तुम्हीच शोधलात. चूल असती तर हा कागद आत्ता तिच्यात घातला असता. आता पिठाच्या डब्याखाली सरकवते. तुमचं बरोबर होतं, हे मी तुम्हाला तुमच्या हयातीत सांगितलं. एवढंच नाही सांगितलं, की त्या दिवशी मला विचारलं असतंत, तर मी तड्यासकट बसले असते.