कोरड्या डोळ्यांचा कागद

अहो, पुण्याहून प्रणिताचा शरणार्थ.

दादाकडं जेवणखाण ठीक हाय, काळजी करू नका. आईंचा गुडघा कसा हाय?

इथल्या डॉक्टरीणबाईंनी नळीत थुंकी मागितली. नळीचा तळ भिजायलाच अर्धा तास गेला. थुंकीतल्या प्रथिनांवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून आजार कळला. लई थोड्यांना होतो म्हणे. माझंच अंग माझी लाळ आणि आसवं आटवतंय.

मामंजी गेले तेव्हा माझे डोळे कोरडे बघून आई चारचौघांत म्हणाल्या, "दगड हाय ही." तुमी शेजारीच होता, गप राहिला. मी रडतच होते, पाणी तेवढं येत नव्हतं.

सोबत तपासणीचा कागद हाय, आईंना वाचून दाखवा. आजार बरा होत न्हाई, गोळ्यांनी थोपतो. वडवणीला घरी कधी येणार, ते मात्र विचारू नका.

प्रणिता