तिसऱ्या अंकातली जागा

३ मार्च, मंगळवार

खोकला! अकरावा दिवस! तालमीत तोंडात रुमाल कोंबून बसलो, तरी ताईच्या ऐन हळव्या वाक्यावर भुंकलोच. मॅनेजर ओरडला, "विंगेत कुत्रं शिरलं का रे?" सगळे हसले. ताई नाही हसली.

मग मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला (थिएटरात माझं नावच कुजबुज!) — "कुजबुज, प्रयोगात हे ऐकू आलं तर तुझी खुर्ची काढणार बघ. आता कोण ठेवतं प्रॉम्प्टर? बाई अडखळतात म्हणून चालवून घेतो."

खुर्ची गेली तर जाऊ दे, खड्ड्यात! पण ताईचं काय? दोन वर्षं झाली, तिसऱ्या अंकात ती अडकते. नेमकी एकाच जागी. "त्या दिवशी दारात—" इथवर येते आणि थांबते. मी विंगेतून हळूच पुरवतो, "कोण उभं होतं, आठवतं?" की गाडी पुढे. प्रेक्षकांना वाटतं, वा, काय विराम घेतला! चौसष्ट वर्षांची झाली माझी थोरली बहीण. पुरवायला कोणी नसलं तर चारचौघांत शोभा होईल, आणि मग तिला घरी बसवतील. म्हणून मी तिथे हवा. न खोकता.

४ मार्च

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुप्फुस स्वच्छ, खोकला नुसता कोरडा. बाटली लिहून दिली आणि वर दम भरला — "ही साधी बाटली नाही. यात अफूच्या घराण्यातलं औषध आहे. झाकणाच्या मापाने, दिवसातून तीनदा, पाचच दिवस. उरलं तर औषधाच्या दुकानात परत. दारू नाही, झोपेची गोळी नाही. दुसरं काही घेत असाल तर आत्ताच सांगा."

म्हटलं, काही नाही. कंबरेची गोळी मी रोज थोडीच घेतो! मागच्या वर्षीची उरलेली पाकिटं आहेत ड्रॉवरमध्ये. प्रयोगाच्या दिवशी एखादी. विंगेतल्या त्या पाठ मोडलेल्या खुर्चीवर तीन तास बसून दाखवा म्हणावं.

घरी ताईने चिठ्ठी एकदा वाचली आणि फ्रिजवर लावली. संध्याकाळी कांदा चिरता चिरता तीच चिठ्ठी अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवली — डॉक्टरांच्या फोन नंबरासकट! चिठ्ठी पाठ, आणि स्वतःचं वाक्य विसरते. मनाचं काय सांगावं.

५ मार्च

गेला! खोकला गेला म्हणजे गेलाच!

७ मार्च, शनिवार

दुपारचा प्रयोग. औषध घेऊन बसलो. काय सांगू! मखमली पडद्याच्या फटीतून उजेडाची एक तिरीप येते, त्यात धूळ सावकाश तरंगत होती. नाटकातले शब्द कानात न येता अंगावरून जात होते, कोमट पाण्यासारखे. हातातल्या वहीचं वजनच लागेना. तरी ताईची जागा आली तेव्हा बरोबर पुरवलं. एकदाही खोकलो नाही. मॅनेजरने पाठ थोपटली.

१० मार्च

पाच दिवस झाले. बाटली अजून अर्धी आहे. काल थांबून पाहिलं, घसा पुन्हा खवखवला. शनिवार-रविवार निभले की सोडीन. मापाचं झाकण रंगमंचाच्या फळ्यांखाली गडगडलं, तेव्हा आता घोट अंदाजानेच.

१२ मार्च

पोट मात्र संपावर गेलंय. चार दिवस!

ताई म्हणाली, "अरे, तुझं बोलणं असं सांडल्यासारखं काय येतंय? बाटली परत केलीस ना?" म्हटलं, केव्हाच. तिच्याशी खोटं बोललो. आठवतं तेव्हापासूनचं हे पहिलं, आणि लाजही वाटली नाही. आतून सगळं मऊ आहे. लाज कुठेतरी लांब उभी आहे, हाक मारली तर येईलही.

१४ मार्च, शनिवार

आज विंगेत लहानपण भेटलं. ताई चादर पांघरून राणी झालेली. आई, बाबा, शेजारच्या काकू प्रेक्षक. मी टेबलाखाली, वही घेऊन. तेव्हाही मीच पुरवायचो. वाचता नीट येत नव्हतं, तर ताईने सगळं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. टेबलाखालून तिचे पाय दिसायचे. वाक्य हवं असलं की ती अंगठा हलवायची.

दचकून भानावर आलो तेव्हा तिसरा अंक लागला होता. थोडक्यात वाचलो. उद्या नीट बसायचं.

१५ मार्च, रविवार

प्रयोगाला अर्धा तास. मेकअपच्या खोलीत लिहितोय. कंबर सकाळपासून ठणकतेय, एका गोळीने भागेना, दोन घेतल्या. वर दोन मोठे घोट. तीनही असतील. पेन फार लांब वाटतंय. बाहेर लोक येताहेत, किती छान आवाज आहे पावलांचा, सगळे हळूहळू कुठेतरी

१८ मार्च, हॉस्पिटल

जिवंत आहे.

लाइटवाला भेटायला आला, त्याने सांगितलं. तिसऱ्या अंकात ताई म्हणाली, "त्या दिवशी दारात—" आणि थांबली. विंगेतून काही आलं नाही. पुन्हा म्हणाली. पुन्हा शांत. मग सरळ प्रेक्षकांकडे पाठ करून विंगेत आली. मी भिंतीला टेकलेलो, ओठ निळे. "दिवे लावा! माझा भाऊ श्वास घेत नाहीये!" भरल्या थिएटरने ऐकलं.

श्वास मिनिटाला चारवर आला होता म्हणे. ॲम्ब्युलन्समध्येच उताऱ्याची सुई दिली. डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट नाकासमोर धरलं — "ही कंबरेची आणि ती खोकल्याची, दोन्ही एकाच घराण्यातली! मी विचारलं होतं की नाही? अजून चार-पाच मिनिटं गेली असती तर मला तुमच्याशी बोलायची वेळच आली नसती." मान खाली घालून ऐकलं. घरातल्या उरलेल्या गोळ्या ताई दुकानात देऊन आली.

पण जीव तिच्यासाठी जळतोय. जे दोन वर्षं झाकलं, ते माझ्यामुळेच सगळ्यांपुढे उघडं पडलं. शनिवारचा प्रयोग रद्द झालाय, पण रविवारी ती एकटी, पुरवायला कोणी नाही.

२२ मार्च, रविवार

घरी आलोय. आत्ताच मॅनेजरचा फोन — "कुजबुज, खुर्ची बाईंनी रिकामीच ठेवायला लावली. आणि काय सांगू, एका अक्षराला अडल्या नाहीत! ते दाराचं वाक्य तर एका दमात!"

ताई आली. विचारलं. ती चपला काढत होती, वरही न बघता म्हणाली, "मी कधी विसरले होते रे? ते तुला काढणार होते."