नावावर घर नसल्याचा दाखला

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. आईला आणि वहिनीलाही सांग.

फोनवर आईला धड ऐकू येत नाही आणि तिला सगळं वाचूनच दाखवावं लागतं, म्हणून हे पत्र. बातमी मोठी आहे. मी घर घेते आहे. अकरा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलून जीव विटला. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एवढंसं स्वयंपाकघर, की भांडी घासताना कोपर खिडकीबाहेर काढावं लागेल. विकणारे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. आता हात कापतात म्हणून मुलीकडे राहायला जाणार आहेत. मी कवळ्या बनवते हे कळल्यावर त्यांनी स्वतःची काढून मला दाखवली. बसवणी वाईट होती, पण मी काही बोलले नाही. घर हातचं जायला नको.

आता तुझं काम. इथं बाहेरच्या देशातल्या माणसाला एकच घर घेता येतं, आणि तेही त्याच्या नावावर आणखी कुठेच राहतं घर नसेल तर. तसा दाखला आपल्याकडच्या नोंदणी कचेरीतून आणायचा आहे. घरखरेदीच्या परवान्याच्या खिडकीवरच्या बाईंना मी सांगितलं, माझ्या नावावर एक सुटकेस सोडून काही नाही. अकरा वर्षांपूर्वी मी इकडे यायला निघाले त्या आठवड्यात अण्णांनी आईच्या हाती हक्क सोडल्याचा कागद पाठवला होता, तुला आठवत असेल. मी तो वाचलाही नाही, रागानं सही ठोकली. आज तोच कामी येतोय बघ. चष्म्याचं दुकान एक दिवस वहिनीवर सोड आणि जाऊन ये. एप्रिलअखेरपर्यंत मुदत आहे.

लोभ आहेच, तो पोस्टानं जरा लवकर धाड.
तुझी,
बिट्टी

२० फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो. अण्णा मोजणी खात्यात होते हे तिथल्या जुन्या कारकुनाला आठवत होतं. त्यानं खुर्ची दिली. वही काढली, दोन पानं उलटली आणि मला विचारलं, दाखला नक्की कुणाच्या नावाचा हवाय. मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, तो देता येणार नाही.

आपलं घर तुझ्या नावावर आहे. सगळंच्या सगळं. अण्णांनी तुला बक्षीसपत्र करून दिलंय. तू विमानात बसलीस त्याच्या आदल्या दिवसाची तारीख आहे आणि 'मला मान्य आहे' याखाली तुझी सही आहे. मी कारकुनाला तीनदा वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं. चष्मेवाला असून अक्षरं लागेनात.

घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. अण्णा गेले त्याला चार वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं मी त्यांना उचलून न्हाणीघरात नेत होतो. त्यांनी एकदाही सांगितलं नाही. घरपट्टीची पावती अजून त्यांच्याच नावानं येते, म्हणून मी कधी बघायलाही गेलो नाही.

एक विचारतो, राग मानू नकोस. तुला हे माहीत होतं का? घर तुझं आहे. तुला विकायचं असेल, भाड्यानं द्यायचं असेल, तर तसं कळव. आम्ही दुसरीकडे बघू. दुकानाच्या मागे जागा आहे. आईचं काय करायचं ते मात्र तू ठरव.

दादा

६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र कामावरच उघडलं. हातातला मेणाचा साचा खाली पडला. शेजारच्या मुलीला वाटलं घरचं कुणीतरी गेलं.

मला माहीत नव्हतं. मी परदेशी निघाले म्हणून अण्णांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, तू तिथंच होतास. मला मुलगी नाही असं ते ओसरीवरून ओरडून म्हणाले, तेही तू ऐकलंस. त्याच आठवड्यात आला तो कागद. आईनं नुसतं बोट ठेवलं, इथं सही कर म्हणाली. ते मला घराबाहेर काढताहेत असंच मी समजले. अकरा वर्षं समजत आले. म्हणून तर ते असेपर्यंत आले नाही, आणि आले ती एक दिवस उशिरा.

आणि तू मला विचारतोस, माहीत होतं का? दुकानाच्या मागे राहशील? तुझं अक्षर नसतं तर हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय असं म्हटलं असतं.

काल परवान्याच्या खिडकीवर गेले आणि खरं ते सांगितलं. त्या बाईंनीही पेन खाली ठेवलं. दोन्ही घरं ठेवता येणार नाहीत म्हणाल्या. सोबत मुखत्यारपत्र आहे, आईच्या नावानं, वकिलातीत सही करून घेतलेलं. तिनं माझ्या वतीनं घर तुझ्या नावावर करून द्यायचं आहे. घड्याळजी थांबायला तयार आहेत. इथलं घर मिळो न मिळो, हे व्हायलाच हवं.

पण आधी आईला विचार. त्या कागदावर साक्षीदार कोण आहे ते बघितलंस का?

बिट्टी

२४ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

साक्षीदार आई आहे. तुझ्या सहीच्या खाली मी वाचलंच नव्हतं.

तिला तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं आणि डाळ निवडत राहिली. मी ताट बाजूला सरकवलं तेव्हा बोलली. अण्णांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, बिट्टी विचारील तेव्हाच सांगायचं. तू कधी विचारलंच नाहीस. अण्णा काय म्हणाले ते मी तिच्याच शब्दांत लिहितो:

"मी तिला नको ते बोललो. ते आता परत घेता येत नाही. पण तिला कधी यायचं झालं तर कुणाची परवानगी लागता कामा नये."

मी विचारलं, आणि मी? माझा आवाज चढला असणार, वहिनी आतून बाहेर आली. आई म्हणाली, तुझंही मी विचारलं होतं. ते म्हणाले, "तो कागदासाठी राहणारा नाही."

मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. अण्णांचा असा राग मला ते असताना कधी आला नव्हता. ते खरंच बोलले, पण मला एकदा तोंडावर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, ऊठ, कचेरी उघडली असेल. जिना चढताना ती चार वेळा थांबली. मागच्या वेळी साक्षीदार म्हणून आलेली बाई आज मुखत्यार म्हणून आलीय हे कारकुनाच्या लक्षात आलं, आणि त्यानं स्वतः उठून तिला पाणी दिलं. तिनं सही केली, मग मी केली. माझी इतकी वाकडी आली की कारकून दोनदा ताडून बघत होता.

तुझा दाखला सोबत आहे. 'कोणतेही राहते घर नाही' असं लिहिलंय. ते वाचून आई रडली. मी तिला समजावलं, की तुला हेच हवं होतं. पण मलाही ते वाचवत नाही.

तुला माहीत होतं का असं विचारलं, ती माझी चूक झाली.
तुझा,
दादा

२२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. आईच्या पायांवर डोकं ठेवते असं तिला मोठ्यानं सांग.

काल सह्या झाल्या. दुभाष्यानं एकेक ओळ वाचून दाखवली आणि या वेळी मी प्रत्येक ओळ ऐकली. दोनदा थांबवून पुन्हा विचारलं, तेव्हा घड्याळजी हसले. किल्ली घेऊन एकटीच वर गेले. रिकाम्या खोलीत जमिनीवर बसले आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. बराच वेळ भांडले.

अण्णांवरचा राग तुझ्या मनातून अजून गेला नसेल, माझ्याही गेलेला नाही. चूक झाली असं तू लिहिलंस, ते वाचलं. पुन्हा लिहू नकोस.

एक मात्र कालपासून मनात येतंय. लग्न केलं नाही म्हणून बायका मला विचारायच्या, तुला कसलं माहेर. आणि खरंच, जे घर स्वतःच्या नावावर, त्याला माहेर कसं म्हणणार? आता ते भावाचं झालं. पावसाळ्याआधी चार आठवड्यांची रजा मिळते आहे. वहिनीला सांग, नणंद माहेरपणाला येते आहे, आणि ती एकही भांडं घासणार नाही.

मी येईपर्यंत लोभ तिकडेच जपून ठेव, येऊन घेईन.
तुझी,
बिट्टी