पाचवी सही

मिरजगाव,
बुधवार

प्रिय रुमाना,

तुझी सही आली. काल सकाळी करण मोटारसायकल स्टँडवर न लावता भिंतीला टेकवून तसाच अंगणात शिरला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरून उभा राहिला. पडद्यावर पाच चौकोन होते, त्यातले चार हिरवे झालेले. "सर, रुमानाची आली. आता फक्त तुमची राहिली," एवढं म्हणाला आणि ओट्यावर बसून एकटाच हसत राहिला. तासाभरात आप्पासाहेबांनी मंगल कार्यालय ठरवून टाकलं. येत्या रविवारी दुपारी आपला सगळा कळप जमणार आहे, तीनशे बारा माणसं, आणि मी व्यासपीठावर मोठ्या पडद्यासमोर पाचवी सही करायची आहे. ती झाली की इतकी वर्षं कुलपात पडलेला निधी त्याच क्षणी वाटला जाईल, ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. मी म्हणालो, हारतुरे नकोत, पडदाही नको. त्यांना तो माझा साधेपणा वाटला.

तू माझा नंबर बंद केला आहेस म्हणून कागदावर लिहितो आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मी तुझ्या जागी असतो तर फार आधी केला असता.

तुझ्या काळविटांची सुरुवात मला अजून स्पष्ट आठवते. लॉकडाऊनचं दुसरं वर्ष, रस्त्यावर टेम्पो नाहीत, त्यामुळे तुझ्या अब्बांच्या गाड्या रंगवायच्या दुकानात काम नाही. तू उरलेल्या रंगात पत्र्याच्या तुकड्यांवर रेहेकुरीच्या माळावरचे काळवीट काढत बसायचीस. एकाची शिंगं दुसऱ्यासारखी नाहीत. करणने ते पाहिलं आणि म्हणाला, ही मोबाईलवर काढ, एक हजार काढ, आपण त्यांचे एनएफटी करू. ते काय असतं हे गावात कुणालाच कळेना, तेव्हा तुम्ही दोघं माझ्याकडे आलात. सर, तुम्ही समजावून सांगा. मी दोन दिवस वाचलं आणि तिसऱ्या दिवशी पारावर उभं राहून सांगितलं की हा चित्राचा सातबारा आहे. रस्त्यावरून जाणारा कुणीही शेत पाहतो, पण उताऱ्यावर नाव एकाचंच असतं. हा उतारा मात्र कुठल्या कचेरीच्या कपाटात नाही, तो हजारो संगणकांवर एकाच वेळी आहे, आणि त्यात खाडाखोड करायची कुणाच्या बापाची टाप नाही. हे वाक्य मी कर्जतपासून श्रीरामपूरपर्यंत किती वेळा बोललो असेन, आणि ते ऐकून काळवीट विकत घेणाऱ्यांचाच आपला कळप झाला. रुमाना, मी ते खोटं बोललो नव्हतो. चाळीस वर्षं मी ओरडत आलो की ऊस आपण लावायचा, कांदा आपण काढायचा, दूध आपण घालायचं आणि त्याचा भाव मात्र लांब बसलेल्या माणसांनी सांगायचा. इथे प्रथमच एक वस्तू अशी होती की जिची नोंदही आपली आणि भावही आपण ठरवायचा. माझा त्यावर विश्वास होता. थोडा अजूनही आहे, आणि त्यानेच माझा घात केला.

मग बाजार कोसळला. ज्या चित्रासाठी लोक दुबईहून फोन करत होते ते कुणी फुकट घेईना. त्याच्या पुढच्या वर्षी ती चित्रं ठेवणारी कंपनीच बंद पडली आणि एका सकाळी हजार काळविटांच्या जागी हजार राखाडी चौकटी दिसायला लागल्या. नोंद शाबूत, चित्र गायब, आणि मूळ चित्रं तुझ्या बिघडलेल्या जुन्या मोबाईलबरोबर गेलेली. शहरातले असे कित्येक गट त्या आठवड्यात मोडले. आपला मोडला नाही. अश्विनी तिच्या डेअरीवर सकाळी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल मागून घ्यायची, त्याच्या गॅलरीतून काळवीट शोधायची, आणि मगच फॅट लावायची. लोक चिडायचे, "आगं बये, दूध नासंल, मंग काळवीट पाज वासराला," म्हणायचे आणि तरी मोबाईल द्यायचे. अठरा दिवसांत नऊशे सत्त्याण्णव चित्रं परत मिळाली. उरलेली तीन तू आठवणीने पुन्हा काढलीस. त्या दिवशीच्या सभेत मी जे बोललो ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण होतं, असं लोक अजून म्हणतात. तू रडली होतीस. मला ते पाहून बरं वाटलं होतं, हेही आज लिहून टाकतो.

आता निधीचं. प्रत्येक विक्रीतला चौथा हिस्सा कळपाच्या नावे बाजूला पडायचा हे आपलं ठरलं होतं, आणि तो साठवायला करणने प्रोग्रॅम लिहिला तेव्हा बाजार तेजीत होता. पाच जणांकडे पाच चाव्या. चावी म्हणजे मोबाईलमधलं वॉलेट, आणि ते पुसलं गेलं तर पुन्हा उघडायला ठरावीक क्रमाचे बारा इंग्रजी शब्द. करणने विचारलं, किती सह्या झाल्यावर कुलूप उघडावं? बाहेर सगळीकडे पाचांतल्या तीन ठेवतात, एखादी चावी हरवली तरी काम अडत नाही. आप्पासाहेबांनी त्यांच्या सोसायटीचं इतिवृत्त आणलं होतं. प्रत्येक ठरावाखाली एकच शेवट, सर्वानुमते मंजूर. ते कसं लिहिलं जातं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सभेला आठ माणसं, त्यातली दोन पेंगत असतात, एक चहाला गेलेला असतो, आणि सचिव घरी जाऊन सर्वानुमते लिहितो. कागदावर ते खपतं, कारण अडलं की कागद बदलता येतो. पण मी उभा राहिलो. म्हणालो, बहुमत म्हणजे कुणाचा तरी पराभव, आणि आपल्या कळपात कुणी पराभूत असणार नाही. पाचांतल्या पाच. करण हळूच म्हणाला की सर, एक जरी चावी गेली तर कायमचं बंद, ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही. त्यावर मी माइक जवळ ओढला आणि म्हणालो, "ज्याला बारा शब्द जपता येत नाहीत त्यानं कळपाचं पुढारपण करू नये." टाळ्या पडल्या. सचिवाच्या लेखणीतली सवय आपण लोखंडात ओतली, आणि ओतणारा मी होतो.

दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारीत, तू सभेत उठलीस. शांतपणे म्हणालीस की लोकांच्या गरजा आहेत, निधी वाटून टाकू, ज्यांना पुढे राहायचं ते राहतील. त्यात चुकीचं काय होतं? काहीही नव्हतं. मी तुला पाच मिनिटं बोलू दिलं आणि नंतर पंचवीस मिनिटं बोललो. ज्यांना कळप सोडायचा त्यांनी खुशाल सोडावा, पण जाताना कुरण विकू नये, असं म्हणालो. फितूर हा शब्द वापरला. तुझं नाव घेतलं नाही, पण बोलताना तुझ्याकडेच पाहत होतो, म्हणजे घेतल्यासारखंच. तू चप्पल घालायलाही थांबली नाहीस, हातात घेऊन गेलीस. पुढच्या महिन्यात पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत लागल्याचं कळलं.

माझं भाषण झालं तरी लोकांची गरज संपली नव्हती. पावसाळ्यानंतर ठराव झालाच, निधी वाटण्याचा. करण, अश्विनी आणि आप्पासाहेब यांनी आठवड्यात सह्या केल्या. राहिलो तू आणि मी. लोक मला विचारायला लागले तेव्हा मी सांगितलं की पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो, रुमानाची होऊ द्या, मग माझी. सगळ्यांना ते पटलं. तेव्हापासून प्रत्येकाची नजर तुझ्यावर. तू सापडत नव्हतीस, म्हणून तुझ्या अब्बांच्या दुकानावर. टेम्पोवाले रंगवायला गाडी घालीनात. काहींनी अर्धवट रंगवलेली नेली. स्टँडवरच्या हॉटेलात एकजण माझ्यासमोर म्हणाला, "ह्यांच्यावर इस्वास ठेवला हितंच चुकलं. ही मान्सं आपली न्हवंच." ह्यांच्यावर म्हणजे कुणावर, हे विचारावं लागलं नाही. हिंदू-मुसलमान भेद नको, या ज्या विषयावर मी जिल्हाभर घसा फोडून बोललो, त्या विषयावर एक वाक्य बोलायची ती वेळ होती. मी चहा पीत होतो. तो पूर्ण प्यायलो, पैसे दिले आणि घरी आलो.

का गप्प बसलो, ते आता सांगतो. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तुला आठवत असेल, कर्जतमध्ये एकाच्या मोबाईलवरून खोट्या लिंकने सगळं वॉलेट रिकामं झालं होतं. लोक घाबरले. मी सभेत सगळ्यांसमोर माझ्या मोबाईलमधलं वॉलेट पुसून टाकलं आणि सांगितलं की माझे बारा शब्द पुस्तकात आहेत, या आणि चोरा. खरंच होते. माझ्या जुन्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात त्या बारा शब्दांखाली मी बारीक रेघ मारली होती आणि शेजारी क्रमांक घातला होता. पेन्सिलने. पुस्तकात शाई वापरायची नाही हे मी तुम्हा सगळ्यांना पट्टी मारून शिकवलं आहे.

तू सभेत उठलीस त्याच्या आधीच्या डिसेंबरात श्रीरामपूरला एका नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाला मला बोलावलं. बोलता बोलता रंग चढला आणि मी जाहीर केलं की माझी सगळी पुस्तकं आजपासून या वाचनालयाची. आधी मनातही नव्हतं. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा मी दुसऱ्या गावी सभेत होतो, घरच्यांनी कपाटंच्या कपाटं चढवून दिली. शब्दकोश त्यात गेला हे रात्री कळलं, पण घाबरलो नाही. आणू म्हटलं. दहाबारा दिवसांनी गेलो. तिथे सविता नावाची ग्रंथपाल आहे, अतिशय नीटस बाई. तिने मुली बसवून एकेक पुस्तक झाडलं, शिवलं, कव्हरं घातली. मला म्हणाली, "सर, तुमची पुस्तकं अगदी कोरी करून घेतली. सगळ्या रेघोट्या खोडून काढल्या." मी तिचे आभार मानले. खरंच मानले, काय बोलणार? मग चार दिवस रोज एसटीने जाऊन तिथल्या खिडकीत बसलो, पान तिरपं धरून उन्हात पेन्सिलीचा दाब शोधत. तीन शब्द सापडले, तेही नक्की नाहीत. क्रमांक एकही नाही.

म्हणजे तू फेब्रुवारीत उठलीस तेव्हा निधी मेलेला होता आणि ते जगात फक्त मला ठाऊक होतं. तू वाटप मागितलंस आणि मी तुला फितूर ठरवलं, कारण वाटपाला माझी सही लागली असती. त्यानंतरचं माझं प्रत्येक भाषण, धीर धरा, टिकून राहा, विकू नका, हे सगळं त्या एका खोडलेल्या पानावर उभं होतं. लोक टिकून राहिले. त्यांच्या चिकाटीचं मी कौतुक केलं आणि तीच चिकाटी मी त्यांच्या दारावर बाहेरून कडीसारखी घातली. तू सही करत नव्हतीस तोवर मला श्वास घ्यायला जागा होती. आज ती नाही. आप्पासाहेब मंडपवाल्याशी बोलतायत, अश्विनी पेढ्यांचं विचारून गेली, आणि मी घरातल्या घरात कुठेही उभा राहिलो तरी समोर भिंतच येते.

तुझा पत्ता आणायला आज सकाळी अब्बांकडे गेलो होतो. खरं तर त्यांना सांगायलाच गेलो होतो. नबीलालभाई एका घराच्या नंबरची पाटी रंगवत होते. मला पाहून उठले, स्टूल पुसलं आणि म्हणाले, "सर, पोरीनं सही केली म्हनं. आता तरी लोक गाड्या आनतील." मी तोंड उघडलं. रुमाना, मी सांगणारच होतो. आणि तोंडातून तुझ्या मनाच्या मोठेपणावर दहा मिनिटांचं भाषण निघालं. रस्त्यावरची चार माणसं थांबून ऐकायला लागली. अब्बांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाटीच्या मागच्या कागदावर पत्ता लिहून दिला आणि मी तो घेऊन निघालो, कारण इतकं चांगलं बोलून झाल्यावर खरं सांगायला जागाच उरत नाही.

म्हणूनच हे पत्र. क्षमा मागायला लिहिलेलं नाही, तो अधिकार मी त्या स्टँडवरच्या हॉटेलात गमावला. रविवारी मी सगळ्यांना सांगायचं ठरवलं आहे, पण माइक हातात आला की माझं काय होतं ते मी आज पाहिलं. मी माझ्या चुकीचाही त्याग करून दाखवीन, लोक रडतील, उठून माझ्या पाया पडतील, आणि तीनशे बारा माणसांचं काय बुडालं आणि कुणामुळे, हे पुन्हा धुक्यात जाईल. स्वतःच्या जिभेवर माझा भरवसा उरलेला नाही. इथे मात्र एकटाच बसून, कुणीही ऐकत नसताना, जसं घडलं तसं लिहिलं आहे आणि प्रत्येक पानाखाली सही केली आहे. स्पीड पोस्टाने पाठवतो आहे, शनिवारपर्यंत मिळेल. रविवारी संध्याकाळी अब्बांना फोन कर आणि सभेत काय झालं ते विचार. सरांनी चावी घालवली, निधी गेला, आणि रुमानाचा यात काही दोष नव्हता, असं ते म्हणाले तर या कागदांचं तुला हवं ते कर. पण सर फार सुंदर बोलले, असं जर म्हणाले, तर त्याच क्षणी ही सगळी पानं करणकडे पाठव आणि कळपाच्या ग्रुपवर टाकायला सांग.

तुझाच,
कारभारी सर