हळदीसाठी शिकलेला वरचा रे

दहिवली,
भात पिवळं पडल्याच्या दिवसांत

तीर्थरूप सोमीआत्यास,

नीलेशचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि तुझा राग कसा आहे? पहिल्या दोघांना आराम पडो आणि तिसरा जरा उतरो. इकडे आम्ही खुशाल.

तुळशीचं लग्न झालं की माझं आहे, हे तुला कळलंच असेल. (खालापुरात बातमी पोचली नाही असं कधी झालंय?) मुलगी चौक गावाकडची, हर्षला. तिच्यासमोर एकदा बोलून गेलो की हळदीला धवल्यांची गाणी म्हणताना मागे मी गिटार वाजवीन. ती म्हणाली, बघू. त्या 'बघू'ने माझी झोप उडवलीय. कारण ताईच्या हळदीत तू धवले म्हणत असताना बाबांनी डीजे सुरू करू दिला, तू मांडवातून उठून गेलीस, आणि तेव्हापासून आपल्या घरात धवल्याचा सूर नाही. आता हळद आहे, गिटार आहे, धवले म्हणणारी धवलारीण तेवढी नाही.

तरी मी शिकायला लागलो. कर्जतच्या नवीनसरांनी मेजर नाईन्थचा अर्पेजिओ दिला. म्हणजे कॉर्डचे सूर एकदम न छेडता एकेक करत चढायचं, सा, ग, प, नी आणि मग वरच्या सप्तकातला रे. तिथेच थांबायचं, सा वर परतायचं नाही. (मी विचारलं, रे खालीही आहे की, मग एवढं चढायचं कशाला? सर म्हणाले, माणूस माथेरानला कशाला जातो?) तो रे लागला की वाटतं, आपण बांधावर उताणे पडलोय, वर ढग चाललेत आणि त्यांना कुठेच पोचायचं नाहीये. पण हे सुख माझं. आईचा जीव त्या रे वर टांगलेला राहायचा. भाकरी थापता थापता तीच 'सा' म्हणून मोकळी व्हायची, तव्यावरची करपायची आणि बोलणी मला. शेवटी बाबांनी मला गिटारसकट शेतातल्या माळ्यावर धाडलं, राघू हाकलायला.

माळ्यावर पायाला दोरी बांधायची, दोरीच्या टोकाला पत्र्याचा डबा, आणि अधूनमधून पाय झटकायचा. आता करंगळी गिटारच्या तारेवर लांबच्या घरापर्यंत ताणायची की पाय झटकायचा? दोन्ही एकदम जमेना, म्हणून पाय विसरलो. सूर चढत गेले, रे वर लोंबकळत राहिले आणि वारा त्यांना घेऊन उल्हास नदीकडे निघाला. (मला तरी तसं दिसलं. डोळे मिटलेले होते.) राघू आले, बसले, पोटभर जेवले, आणि खरं सांगतो, एकानेही कलकलाट केला नाही. मग मीही झोपलो. जाग आली ती बाबांच्या आवाजाने, "आरं, पाखरं हाकलाय बशिवलाय तुला, का निजवाय?"

वाटलं, गिटार आता चुलीत जाणार. पण बाबा माळ्याच्या खांबाला टेकून खाली बसले आणि म्हणाले, वाजव, बघू काय भुरळ हाय ती. मी वाजवत राहिलो, रे वर थांबत राहिलो. आणि आत्या, त्या थांबलेल्या जागेत बाबा गुणगुणायला लागले. तुझा मांडवाचा धवला. त्या दिवशी अर्धा राहिला होता ना, तोच. सूर कुठल्या कुठे, पण शब्द एकूण एक बरोबर. मग आपण गातोय हे त्यांच्या ध्यानात आलं, तसे ते उठले आणि समोर एकही राघू नसताना 'हाऽ हाऽ' करत बांधाबांधाने लांब निघून गेले.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप.

तुझा,
नीलेश

ता. क. गिटारचं काही खरं नाही. रे लागला तर लागला. धवला मात्र तूच म्हणायला हवास. डीजे सांगितलेला नाही. तू आली नाहीस तर मी हळद लावून घेणार नाही. (हे हर्षलाला अजून सांगितलेलं नाही.)

पुन्हा ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तू बघितलंसच. कुणाबरोबर धाडू असं मी नुसतं म्हटलं, तर बाबा म्हणाले, मला खालापुरात काम हाय, मीच देतो. त्यांना तिथे कसलंही काम नाही. पत्र तुझ्या हातात देऊन आता अंगणात उभे असतील, कौलांकडे बघत. आपणहून आत यायचे नाहीत ते. तूच हाक मार.