बाबांची लेवल

बाबा, मागच्या आठवड्यात वारासिवनीला एका लग्नात आत्याच्या सुनेनं भरल्या पंगतीत माझी ओळख करून दिली, "ह्याच त्या बाई, बापाच्या सुतकात टीव्हीवर गेम खेळून राह्यल्या होत्या." बाया हसल्या. एकीनं तर वाढायचा डाव हातात तसाच धरून विचारलं, "खरं का व मावशी?" मी म्हटलं, "हौ, खरं हाय. अन् जिंकली बी." एवढं बोलून मी मठ्ठा मागून घेतला. वीस वर्षं होऊन गेली, लोकांना अजून माझी मान खाली पाहायची आहे. ती संधिवातानंही खाली जात नाही, तर सुनेच्या बोलण्यानं काय जाणार? पण घरी आल्यावर वाटलं, ज्यांच्यासाठी खेळले त्यांना एकदा सगळं नीट सांगावं. तुम्हाला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं तुम्ही गेल्यावर झालं.

छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं आणि आपल्याकडे बिजलीचा ठिकाणा नव्हता, त्या दिवसांतली गोष्ट. भावाला नागपूरला नोकरी लागली आणि त्याचं ते गेमचं करडं डबडं, दोन वायरी आणि खेळांच्या सीडींची, म्हणजे चकत्यांची पिशवी त्यानं इथंच टाकली. त्यातल्या एका खेळात तो बॉसपाशी अडकून बसला होता. बॉस म्हणजे वाट अडवून उभा असलेला मोठा राक्षस, त्याला पाडल्याशिवाय पुढची कथा उघडत नाही. हा बॉस दगडाचा होता, किल्ल्याच्या दारात उभा, चार हातांचा. "हा पडत नाही ताई, भंगार गेम हाय," असं म्हणून भाऊ गाडीत बसला. मी चाळिशी ओलांडलेली, नववीतून शाळा सुटलेली बाई. आई गेली तेव्हा भाऊ पायात घुटमळत होता, आणि आत्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ठरवून टाकलं होतं, "पोरीनं आता घर पाहावं." तुम्ही पेपरचं पान उलटलं. आईला आत्या बोलायची तेव्हाही तुम्ही असंच पान उलटायचे. तर त्या सुटलेल्या शाळेचं इंग्रजी मी त्या राक्षसासाठी पुन्हा काढलं. तुमच्या कचेरीतला जाड शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. विष, उतारा, ढाल, बरं करणे, पळ काढणे. एकेक शब्द, जसे तांदळातले खडे.

खेळातल्या गावाबाहेरच्या शेतात हिरवे चिकट गोळे उड्या मारायचे. ते मारायला सोपे. एक मारला की थोडासा अनुभव मिळायचा, अनुभव साचला की लेवल वाढायची, म्हणजे ताकद वाढायची, आणि शेजारी आकडा झळकायचा. मी दुपारभर गोळे मारत बसायचे. तुम्ही कचेरीतून निवृत्त झालेले, दिवसभर आरामखुर्चीत. एक दिवस तुमच्यानं राहावलं नाही.

"तेच ते काहून करते व? एकच गोळा कितीदा मारशीन?"

"लेवल वाढवून राह्यली बाबा. राक्षसापाशी जायचं हाय."

"ज्याच्यात दम असते तो पह्यल्याच दणक्यात पाडते. दम नसन तर सोडून द्याव माणसानं. हे काय, घाण्याच्या बैलावानी!"

हा तुमचा जुना कायदा. एकदा जमलं नाही की फाईल बंद. भाऊ सायकलवरून पडला तर सायकल विकली. आईच्या छातीचा इलाज एका डॉक्टरकडे लागू पडला नाही, तर दुसऱ्याकडे नेलं नाही, म्हणाले देवाच्या मनात असेल ते होईल. त्या दिवशी माझ्या हातात ते बटनांचं यंत्र होतं, म्हणून की काय, मी पहिल्यांदा उलटून बोलले. "मी या घरात इतके वर्षं तेच ते करून राह्यली. सकाळी पोळ्या, संध्याकाळी पोळ्या. तेव्हा कोणी नाही म्हटलं का तेच ते काहून करते म्हणून. अन् माह्या बाजूले कोणता आकडा वाढला बाबा? इथी निदान दिसते तरी." तुम्ही चपला घातल्या आणि चौकात निघून गेले. मी तेव्हाही माफी मागितली नाही, आजही मागत नाही. एका वाफेत भात होत नाही, हे मी चुलीपाशी शिकले, आणि त्या खेळानं मला ते पहिल्यांदा खरं करून दाखवलं.

संध्याकाळी परत आल्यावर तुम्ही खुर्ची टीव्हीकडे जरा सरकवली. चष्मा लावला. "हे काय लिहिलं? बाबा?" मी चौघांच्या टोळीला घरातलीच नावं दिली होती. तलवारवाली मी, ताई. बरं करणारी आई. खिसेकापू तो भाऊ. आणि लोखंडी चिलखत घातलेला, ढाल धरलेला, फार सावकाश चालणारा तो बाबा. तुम्ही आकडे वाचले आणि चिडले.

"मी घरातला कर्ता, अन् माही लेवल त्या पोट्ट्याहून कमी?"

"लढते त्यालेच अनुभव भेटते बाबा. तुमी हळू चालता, म्हणून मी तुमाले बाहेर बसवते."

"बसवते म्हणे!" तुम्ही पुटपुटले, पण उठून गेले नाही. मी राक्षसापाशी गेले. त्यानं चारही हात वर केले आणि सगळ्यांवर आग पाडली. आई पहिल्याच आगीत कोसळली. बरं करणारी गेली म्हणजे खेळ संपल्यातच जमा. पडद्यावर ती निळी बाई आडवी पडली होती आणि वर तिच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं होती, बस्स. तुम्ही चष्मा काढून पुसला. मग खाकरून म्हणाले, "तिले मागं ठेव. मले पुढं कर."

बाबा, हे वाक्य मी जन्मभर ऐकायची वाट पाहत होते. ते तुम्ही टीव्हीपुढे म्हणाले, तेही आई जाऊन एवढी वर्षं झाल्यावर. मला राग आला. आणि मी तुमचं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी तुम्हाला शेतात न्यायला लागले, गोळे मारायला. पोळ्या झाल्या की तुम्हीच विचारायचे, "जायचं का आपल्याले गोळ्याकडं?" आणि कुणी शेजारी आलं की पेपर उघडून बसायचे.

मग ती दुपार. राक्षसाचे दोन हात तुटलेले, तो गुडघ्यावर आलेला, आणि बत्ती गेली. खेळ जिथं नोंदवून ठेवला होता तिथून पुढची सगळी मेहनत पाण्यात. मी ओट्याशी जाऊन डोळ्यांना पदर लावला. तुम्ही मागे उभे होते हे मला माहीत होतं. मला वाटलं, आता म्हणाल, सोडून दे. आठवडाभरात बिजलीवाला आला आणि खुर्चीमागे बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून गेला. "माह्या पंख्यासाठी घेतलं," तुम्ही म्हणाले. दिवाळी उलटून गेलेली, अंगात स्वेटर, आणि तुम्हाला पंखा हवा होता. त्याची वायर टीव्हीपर्यंत कशी आली, ते मी विचारलं नाही.

माघात तुम्ही आजारी पडले आणि दुखणं वाढत गेलं. खाट पुढच्या खोलीतच टाकली, टीव्हीसमोर. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा डॉक्टरांनी नागपूरहून आलेल्या भावाला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मी तुम्हाला चमच्यानं पेज पाजत होते. तुम्ही तोंड फिरवलं आणि विचारलं, "पाडला का त्याले?"

"नाही अजून."

"काहून?"

"तुमची लेवल कमी पडते बाबा."

तुम्ही हसले. हसताना ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला. मग डोळे मिटूनच म्हणाले, "मंग वाढव." त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलले नाही. पहाटे गेले.

आता सुतकाचं सांगते, कारण लोक तेवढंच सांगतात. जिथं खाट होती तिथं पीठ पसरून दिवा ठेवला होता. दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून जवळ सतत कुणीतरी बसायला हवं. दुपारी सगळे थकून आडवे व्हायचे. मी म्हटलं, मी बसते. टीव्हीवर चादर टाकली होती, ती काढली, आवाज बंद केला, आणि तुमच्या दिव्याशेजारी बसून तुमची लेवल वाढवायला लागले. लोक म्हणतात पोरीनं करमणूक केली. करमणूक कसली, रडत होते आणि गोळे मारत होते. एका डोळ्यानं वात पाहायची, दुसऱ्यानं तुम्हाला. तेल मी घातलं, वात मी सारली, दिवा एकदाही विझला नाही. भावानं पहिल्या दिवशी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आत्यानं पाहिलं तेव्हा मात्र घर डोक्यावर घेतलं. "दादाले जाऊन चार दिवस नाही झाले अन् हे पाह्य! लाज नाही वाटत तुले?" मी म्हटलं, "नाही वाटत आत्या. त्याहिनंच सांगतलं मले." "मेला माणूस सांगते का?" "मरायच्या आंधी सांगतलं."

दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर मीही गेले. बाया मागे थांबल्या होत्या. पिंड मांडले आणि कावळा येईना. झाडावर कावळे बसून होते, पण खाली उतरेना एकही. भाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, ताईले मी सांभाळीन." काही नाही. आत्या म्हणाली, "दादा, घर इकू देणार नाही." काही नाही. गुरुजी नदीकडे पाहायला लागले, ऊन चढलं, लोक कुजबुजायला लागले की काहीतरी राहिलं आहे माणसाच्या मनात. काय राहिलं आहे ते मला ठाऊक होतं. मी बायांमधून निघाले आणि थेट पिंडाकडे चालायला लागले. "कुठी चालली व?" आत्या ओरडली, तशी सगळी गर्दी वळून माझ्याकडे पाहायला लागली. मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, लेवल झाली तुमची. आज पाडते त्याले." लोक परत वळले, तर कावळा पिंडावर. लेवल म्हणजे काय, हे विचारायचीही कुणाची छाती झाली नाही.

त्याच दुपारी मी दिव्यापाशी बसले. तुम्हाला पुढे केलं, आईला मागे. भाऊ नेहमीप्रमाणे राक्षसाचे खिसे चाचपत होता. राक्षसानं आग पाडली आणि तुम्ही ढाल धरून उभे राहिले. पुन्हा पाडली, पुन्हा उभे. दाराशी पावलं वाजली. आत्या. आता टीव्हीवर पुन्हा चादर टाकते की काय, असं मला वाटलं. ती दिव्याच्या पलीकडे गुडघे धरून बसली. टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "यातला दादा कोणता?"

"तो पुढं उभा हाय तो."

"लयच लोखंड घातलं. अन् वहिनी?"

"त्याच्या मागं."

तेवढ्यात बत्ती गेली. टीव्ही एकदा मिटमिटला, खुर्चीमागे बॅटरी गुणगुणली, आणि खेळ तसाच चालू राहिला. तुमच्यात जीव अगदी तळाशी उरला होता, तेव्हा आईनं तुम्हाला बरं केलं, आणि मी तलवार घातली. राक्षस दारातच ढासळला, नुसता दगडांचा ढीग. आत्यानं पदरानं नाक पुसलं, दिव्यात तेल घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या नात्यात सांगत सुटली की पोरगी सुतकात खेळत होती. आपण शेजारी बसून पाहत होतो, एवढं मात्र कधी कुणाला सांगितलं नाही. सुनेलाही नाही. मीही आत्याचं नाव काढलं नाही.

हे पत्र धाडायची सोय नाही, आणि असती तरी धाडलं नसतं. कारण घाटावरची एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणापाशी बोलले नाही. आत्या ओरडली तेव्हा सगळे माझ्याकडे वळले होते, पिंडाकडे तोंड फक्त माझं होतं. कावळा तेव्हाच खाली उतरला होता, मी तोंड उघडायच्या आधी, आणि निवांत भात खात होता. म्हणजे तुमचं काही अडलेलं नव्हतं, बाबा. मी ते पाहिलं, आणि तरी मोठ्यानं म्हटलं.