थोरलीचा टाक

गोदीचे माय,

मी पिंपळगावले परत चाललो, उद्या येतो. कापसाच्या जिनातून कोणी कामाले बोलवाले आलं तं तसं सांग. गाडीतली भांडी उतरवून घे, पण जात्याले हात नको लावू, तुह्यानं उचलत नाही.

देवाची पेटी आता पुन्हा उपसू नको. तुह्याआधीची थोरली वारल्यावर घडवलेला तिचा चांदीचा टाक त्यात नाही. तुह्या हातून तो हरवला नाही, म्यांच काढून ठेवला. निघताना तू जुन्या घरात दिवा लावला ना, त्याच कोनाड्यात, मागं. घरमालकानं झाडून फेकला नसन म्हणजे झालं.

मनाले सांगितलं का टाक नसला तं इथं नांदुऱ्यात तरी तुले कोणी दुसरेपणाची म्हणणार नाही. खरं तं लाज माहीच होती. अन् काल तू सारे गाठोडे सोडून रडत बसली, "थोरल्या बाईले वाटन, नव्या घरात मले जागा नाही," म्हणे, तवाही मी चूप राह्यलो. वरून तुलेच धांदरट म्हटलं.

टाक सापडल्याबिगर नव्या चुलीवर दूध चढवणार नाही म्हणतं, तं नको चढवू. तुह्यंच बरोबर हाये. पण गोदीले शेजारच्या रुखमाबाईकडं जेवाले धाड, अन् तूही चार घास खाय.

पहिला निवद थोरलीलेच दे. टाक तुह्या हाती देईन तवा मले काही विचारू नको. मी वसरीत बसीन. दोघींनी बोलावलं तरच आत येईन.

गोदीचा बाप